बंदुकीच्या पोटात सोडा

पुंडलिकनगरात मला कुणी धंदा विचारला की ‘हवेचं काम’ एवढंच सांगून मी मोकळा होतो. खरं सांगितलं की लोक हसतात. "खेळण्यातल्या बंदुका दुरुस्त करता? या वयात?" असं तोंडावर विचारणारे शेजारी आहेत. अहो, व्हय, करतो. अठ्ठावीस वर्षं वाळूजच्या एका कारखान्यात दाबाच्या हवेवर चालणारी यंत्रं सांभाळली. नोकरी सुटली आणि आता सात वर्षं पेंटबॉलच्या बंदुका उघडतोय. त्यात लाजायचं काही नाही. लाज वाटावी अशी गोष्ट वेगळीच घडली, आणि तीच लिहायला बसलोय. अंकवाल्यांनी गमतीजमती लिहा म्हणून सांगितलंय. गमती आहेत, सांगतो. पण माझं डोकं अजून शांत झालेलं नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दोन टोळ्या करायच्या, तोंडावर मोठा मुखवटा घालायचा, टायरच्या आणि पिंपांच्या आड लपायचं आणि एकमेकांवर रंगाच्या गोळ्या झाडायच्या. गोळी बोराएवढी असते, लागली की फुटते, रंग सांडतो, आणि ज्याच्या अंगावर रंग तो बाद. गोळीला ढकलतो वायू. बंदुकीच्या मागं एक बाटली बसवलेली असते, हातभर लांबीचीसुद्धा नाही, त्यात कार्बन डायऑक्साईड दाबून भरलेला असतो. म्हणजे तोच, सोड्याच्या बाटलीतला. बंदूक म्हणजे खरं तर एक झडप, एक स्प्रिंग आणि पाच-सहा रबरी कड्या. कड्या नीट तर बंदूक नीट. एक कडी गेली की बंदूक फुसफुसते, नाहीतर अडकते, नाहीतर घोडा सोडला तरी गोळ्या टाकतच राहते.

गिऱ्हाईकं तर विचारू नका. एका बँकेचे साहेब बंदूक माझ्यापुढं आपटून म्हणाले, "नेम बिघडलाय हिचा." बघतो तर साहेबांनी मुखवटा घालायचा म्हणून चष्मा काढून खिशात ठेवलेला. भिशीच्या बायका येतात. त्यातल्या एका काकूंनी सबंध खेळात एकट्या जावयालाच गोळ्या घातल्या. जावई त्यांच्याच टोळीत होता. "दिसला नाही ओ," म्हणाल्या, आणि परत भरायला बंदूक पुढं केली. अशी मजा असते. मी कोपऱ्यात टेबल टाकून बसतो, बिघडलेली बंदूक आली की उघडायची, कडी बदलायची, दोन थेंब तेल, परत द्यायची.

हे मैदान हर्सूल ओलांडून फुलंब्रीच्या अलीकडं, जळगाव रस्त्याला आहे. मालकाचं नाव अजिंक्य. घरची बागायत जमीन, बाप अजून शेती बघतो, आणि या पोरानं रस्त्याकडची चार एकर मोकळी करून तिथं खेळाचं मैदान, चहा-नाष्टा, फोटो काढायला बैलगाडी असं सगळं मांडलंय. माणूस वाईट नाही. मला काका म्हणतो आणि दर शनिवार-रविवारी मी जातो.

तिथं गयाबाई होती.

मैदानाच्या मागं धनगरवस्ती आहे, तिथली. मेंढरं विकून झाल्यावर घरात हातावर पोट, म्हणून झाडलोटीला लागली. पंचेचाळिशीची असेल. पहिल्या वर्षी नुसती झाडायची. मग मुखवटे धुवायला लागली. मग मी एकदा आजारी असताना तिनं अडकलेली बंदूक स्वतःच मोकळी केली, आणि अजिंक्यनं बंदुकांच्या खोलीची किल्ली तिच्याकडं दिली. बाटल्या भरायचं कामही मीच तिला शिकवलं. वस्तीत तिला पोरंसोरं ‘बंदूकवाली’ म्हणायची आणि ते तिला आवडायचं. मला म्हणाली होती, "भाऊ, माह्या सासऱ्याकडं बी किल्ली नव्हती कशाची. मेंढराला कुलूप नसतंय."

बाटली कशी भरतात तेही सांगतो, कारण सगळं रामायण तिथंच आहे. वायूवाल्याकडून माणसाच्या खांद्याएवढी लोखंडी टाकी येते. ती घोडीवर, म्हणजे लोखंडी चौकटीवर, उलटी करायची, तोंड खाली. कारण आत वायू दाबानं पातळ झालेला असतो आणि आपल्याला ते पातळच पाहिजे. नळी लावायची, बाटली काट्यावर ठेवायची आणि वजन बघत भरायचं. भिंतीवर तक्ता आहे. प्रत्येक बाटलीला नंबर, नंबरापुढं रिकाम्या बाटलीचं वजन. त्यात साडेपाचशे ग्रॅम मिळवायचे, तेवढं वजन झालं की बंद. जास्त भरली तर उन्हात धोका. तक्ता मीच पहिल्या दिवशी वजनं करून लिहिलेला, माझ्या अक्षरात, तांबड्या पेननं.

गेल्या वर्षी थंडी सरता सरता तक्रारी यायला लागल्या. वायू लवकर संपतो. पूर्वी एका बाटलीत दोन डाव व्हायचे, आता दीड. मग बंदुका फुसफुसायला लागल्या. मी कड्या बदलायचो, आठ दिवसांनी परत तेच. उघडल्यावर आत चहाच्या गाळासारखा तपकिरी चिकट चिखल. बोटानं पुसला तर तेलाचा वास.

आणि मग एका रविवारी सकाळी, एका कंपनीची सहल आलेली असताना, तीस बंदुकांपैकी अकरा बंदुका दोन तासांत बसल्या. बारावी बसली असती तर बरं झालं असतं. ती बसली नाही, तिची झडप उघडी राहून अडकली. पोरानं घोडा सोडला तरी ती गोळ्या टाकतच राहिली, पोरगं घाबरून गर्रकन वळलं, आणि समोर पाणी प्यायला मुखवटा वर केलेल्या त्यांच्याच ऑफिसातल्या बाईंच्या कानामागं तीन गोळ्या बसल्या. डोळा चार बोटं लांब होता. बाईंचा कान सुजून लाल झाला, त्या रडायला लागल्या, सहल तिथंच मोडली. अजिंक्य पांढराफटक पडला होता.

दुपारी सगळी माणसं चहाच्या छपरात जमा केली. अजिंक्यनं मला विचारलं, "काका, कशानं झालं हे? स्पष्ट सांगा."

आता इथं माझी अक्कल बघा. मी बंदूक उघडली, चिखलाचा वास घेतला. तेल. बंदुकांच्या खोलीत खिडकीत शिलाई मशीनच्या तेलाची बाटली ठेवलेली मला दिसली होती. पूर्वी एकदा आमचं खास तेल संपलं तेव्हा गयाबाईनं तेच वापरलं होतं आणि मला स्वतःच येऊन सांगितलंही होतं. मी दोन आणि दोन चार केले. म्हणालो, "चुकीचं तेल. शिलाई मशीनचं तेल घातलंय, त्यानं कड्या फुगल्या आणि आत राडा झाला."

गयाबाई म्हणाली, "नाय भाऊ. ते तेल दाराच्या बिजागरीला हाय. बंदुकीत तुमी दिलेलंच घालते म्या."

"मग हे काय आहे?" मी बोट पुढं केलं.

"मला काय ठावं? पण भाऊ, बाटल्यात कायतरी हाय. रिकाम्या बाटल्या जड लागतेत. आन भरताना आवाज बी वल्ला येतोय."

मी हसलो. अहो, मी हसलो! वर बोललो, "गयाबाई, धातूची बाटली आहे, जडच लागणार. आणि वायूला कधी ओल असते का?" छपरातली सगळी माणसं हसली. अजिंक्यला त्या कंपनीला उत्तर द्यायचं होतं म्हणून त्यानं माझ्याकडून कागद लिहून घेतला. मी माझ्या नावाच्या कागदावर लिहिलं की देखभाल करणाऱ्या व्यक्तीनं अयोग्य तेल वापरल्यामुळं बिघाड झाला, खाली सही केली, आणि अजिंक्यच्या सांगण्यावरून सगळ्यांपुढं वाचूनही दाखवला. गयाबाईनं कमरेची किल्ली सोडून टेबलावर ठेवली आणि वस्तीकडं चालती झाली. कुणी तिला थांब म्हणालं नाही. मीही नाही.

मी सगळ्या बंदुका खोलून धुतल्या. नव्या कड्या, नवं तेल, आणि तेल माझ्या स्वतःच्या हातानं. शिलाईच्या तेलाची बाटली फेकून दिली. बाटल्या भरायला अजिंक्यनं चहावाल्याला लावलं. मी ऐटीत होतो, रोग सापडला म्हणून.

तीन आठवड्यांनी पहिली बंदूक फुसफुसली. उघडली, तर तोच चिखल. तोच वास.

पण माणूस मोठा चिवट असतो, आपली चूक अशी सहजासहजी पचत नाही. मी म्हटलं, कड्याच भिकार असतील. कुजलेल्या कड्या रुमालात बांधल्या आणि शहागंजात मुनीरभाईंकडं गेलो. त्यांचं रबरी सामानाचं दुकान बोळात आहे, दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याला वाट नाही. मोटारीच्या, पंपाच्या, कुकरच्या, जगातल्या सगळ्या कड्या त्यांच्याकडं. मी कड्या पुढं टाकल्या आणि म्हणालो, "मुनीरभाई, तुमच्या मालाचं काय झालं बघा. तेलानं फुगून गेल्या."

त्यांनी एक कडी उचलली, ओढून बघितली. तुटली. दुसरी ओढली. तीही तुटली. मग चष्म्यावरून माझ्याकडं बघून म्हणाले, "मिस्तरी, ये तेल से नहीं हुआ. ये रबर तेल में रातदिन डुबा के रखो, कुछ नहीं होता. फुगा होता तो मैं मान लेता. ये फुगा कहाँ है? ये तो गल गया है. ये पानी का काम है."

"पाणी? मुनीरभाई, बंदुकीत पाणी कुठून येणार?"

"वो मेरे कू नक्को पूछो. गॅस आप भरते, मैं तो खाली कड्या बेचता."

मला वाटतं, मी त्यांना पैसे द्यायचेही विसरून बाहेर पडलो. रिक्षा करून थेट मैदानावर. आठवड्यातला मधला दिवस होता, मैदान रिकामं. खोली उघडली, रिकाम्या बाटल्या काढल्या, काटा पुढं ओढला आणि तक्त्याशेजारी बसलो. सात नंबर, तक्त्यावर नऊशे साठ. काट्यावर हजार वीस. अकरा नंबर, पन्नास ग्रॅम जास्त. चौदा नंबर, सत्तर. एकही बाटली तक्त्याप्रमाणं नव्हती. मी सात नंबरची झडप काढली आणि बाटली परातीत उलटी केली.

तांबडं पाणी आलं. वर तेलाचा तवंग.

आमच्या बाटल्या ॲल्युमिनियमच्या. ॲल्युमिनियमला तांबडा गंज येत नाही. तांबडा गंज लोखंडाचा, म्हणजे मोठ्या टाकीतला. टाकी उलटी केली की तिच्या बुडातलं पाणी, गंज, वायू दाबणाऱ्या पंपाचं तेल सगळं तोंडाशी येतं आणि वायूबरोबर थेट आमच्या बाटलीत. आम्ही वजन बघून भरत होतो, पण त्या वजनात पाणी होतं. म्हणून वायू कमी, म्हणून डाव दीडच. आणि पाण्यात हा वायू मिसळला की काय होतं? सोडा होतो. आंबट सोडा. बंदुकीच्या पोटात सोडा तयार होत होता आणि आतली झडप अन् कड्या खात होता. मी मात्र बाहेर बसून शिलाई मशीनच्या तेलाला शिव्या घालत होतो!

आणि मी कोण? कारखान्यात अठ्ठावीस वर्षं रोज सकाळी पहिलं काम काय करायचो, तर हवेच्या टाकीची खालची तोटी उघडून पाणी सोडायचं. रोज. सुट्टीच्या दिवशीही स्वप्नात सोडलं असेल. हवेत पाणी असतं हे मला शिकवायची कुणाची टाप नव्हती. पण ती टाकी आमची होती. ही बाहेरून आलेली, तोंडाला प्लॅस्टिकचं सील लावलेली. कारखान्यातल्या माणसाचं सीलवर भारी प्रेम. सील दिसलं की आत सगळं ठीकच असणार, असं आमच्या हाडात भिनलंय. उलटी टाकी क्षणभर उघडून पांढऱ्या फडक्यावर फवारा मारून बघायचा, एवढी साधी गोष्ट. मी ती गयाबाईला शिकवली नाही, स्वतःही कधी केली नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्या वायूवाल्याच्या आवारात गेलो. नाव लिहीत नाही, लिहावंसं फार वाटतं. मोठं आवार, बाहेर मंदिरातल्यासारखी घंटी, ऑफिसात थंड हवा. शेठ नम्र. पाणी मागवलं. मी परातीतलं तांबडं पाणी बाटलीत भरून नेलं होतं, ते टेबलावर ठेवलं आणि म्हणालो, "तुमचं पाणी तुम्हीच प्या."

शेठ हसले. "मिस्तरी, शंभर ठिकाणी माल जातो आपला. एकाची तक्रार नाही. तुमच्याकडंच काहीतरी घोटाळा आहे. आणि तो घोटाळा तुम्हीच शोधलाय की." असं म्हणून त्यांनी मोबाईल काढला आणि माझ्यापुढं धरला. माझा कागद. माझ्या नावाचा, माझ्या सहीचा. अजिंक्यनं त्या रविवारी वायूबद्दल विचारायला त्यांना फोन केला होता, आणि मी निदान केल्यावर, तुमचा दोष नाही बरं का, म्हणून कागदाचा फोटो पाठवला होता. "देखभाल करणाऱ्या व्यक्तीनं अयोग्य तेल," शेठनं वाचून दाखवलं. "तुमचीच बाई, तुमचंच तेल, तुमचीच सही. आता पाणी आमचं कसं?"

काय सांगू, थोबाडीत बसावी तसं झालं. एका बाईवर मी खोटा आळ घेतला, तो घेऊन हा माणूस स्वतः धुतल्या तांदळासारखा बसला होता! मी उठलो आणि न विचारता मागं आवारात गेलो. टाक्या ओळीनं उभ्या. एक कामगार एका टाकीतून पाणी ओतत होता. काही वर्षांनी टाकीची ताकद तपासावी लागते. त्यासाठी आत पाणी भरून दाब देतात. ते बरोबरच आहे. पण नंतर टाकी आतून गरम हवेनं खडखडीत वाळवावी लागते. मी त्याला विचारलं, "वाळवता कशी?"

तो माझ्याकडं बघेना. म्हणाला, "उलटी ठेवतो थोडा वेळ. गाडी उभी असती दारात, काय करणार."

मी खिशातला पांढरा रुमाल काढला आणि भरून तयार असलेल्या एका टाकीकडं बोट केलं. "उलटी कर आणि जराशी उघड." शेठ मागून ओरडत आले, पण त्या माणसानं टाकी उलटी केली आणि उघडली. का केलं त्यानं, मला माहीत नाही. कदाचित त्यालाही वैताग आला असेल. रुमालावर फवारा बसला. पांढरा बर्फ, आणि बर्फ उडून गेल्यावर तपकिरी डाग, हाताच्या पंज्याएवढा.

"एवढं चालतंय हो," शेठ म्हणाले. "खेळायचाच गॅस आहे. दवाखान्यात थोडाच जातो."

मी भिंतीकडं बघितलं. भिंतीशी आग विझवायच्या तांबड्या नळकांड्यांची रांग होती, भरायला आलेली. कुणाच्या शाळेची, कुणाच्या दुकानाची, देव जाणे. त्यातही हाच वायू जातो. पाणी असलेला वायू बाहेर पडताना तोंडाशी गोठतो आणि नळी बंद होते. "हा पण खेळायचाच का?" मी विचारलं. "आग लागल्यावर माणूस नळकांडं उचलेल, दाबेल, आणि पुढं बर्फाचं बूच! त्याला काय सांगाल, कुणाच्या बाईनं तेल घातलं?" शेठ म्हणाले, "आवाज खाली. बाहेर गिऱ्हाईक आहे." तेवढीच त्यांना चिंता.

मी सरकारी ऑफिसात रीतसर तक्रार केली. माणसं तपासायला आली म्हणे, आधी फोन करून, ठरवून. त्या दिवशी सगळ्या टाक्या वाळवंटासारख्या कोरड्या सापडल्या. शेठचा धंदा आजही चालू आहे, घंटीही वाजते. माझा जीव जळतो तो इथं. रुमाल मी ठेवलाय, पण बघायला कुणी मागत नाही.

अजिंक्यला सगळं दाखवलं. त्यानं त्याच दिवशी वायूवाला बदलला. मी म्हणालो, मला नवा कागद लिहायचाय आणि तोही त्याच छपरात, सगळ्यांपुढं वाचायचाय. तो म्हणाला, "जाऊ द्या ना काका. तुमचीच शोभा होईल. गयाबाईला बोलावून घेतो, किल्ली देतो, विषय संपला." मी ऐकलं नाही. रविवारी चहाच्या छपरात उभा राहून वाचलं: दोष तेलाचा नव्हता, वायूत पाणी होतं, गयाबाईनं ते पहिल्यांदा ओळखलं होतं आणि मी तिला हसण्यावारी नेलं. या वेळी कुणी हसलं नाही. चहावाला नुसता कप विसळत राहिला.

पण जिच्यासाठी वाचलं ती तिथं नव्हतीच. कागद घेऊन वस्तीवर गेलो तर तिची सून दारात. आत या म्हणाली नाही. "आत्या सिल्लोडला असत्यात. त्यांच्या भावाकडं. मक्याच्या आडतीत कामाला लागल्यात." मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "लोक लई बोलले वो. बंदूकवालीनं बंदुका खाल्ल्या म्हणायचे. पाण्याला जाईनाशा झाल्त्या त्या."

सिल्लोडला गेलो. उन्हाळी मक्याचा हंगाम होता, आडतीच्या आवारात ट्रॅक्टरांची रांग आणि पिवळे ढीग. गयाबाई एका ट्रॉलीवर चढलेली दिसली. कोपरापर्यंत हात मक्यात खुपसून, खालचे दाणे मुठीत काढून, एक दाणा दाढेखाली धरून चावत होती. मी खाली उभा राहिलो. तिनं मला बघितलं, पण काम थांबवलं नाही.

"वल हाय," ती आडत्याला म्हणाली. "वरलं वाळलंय, खालचं नाय. दोन दिस उनात टाकाया लावा."

ट्रॅक्टरवाला शेतकरी चिडला. "वाळवलाय की कवाचा! मशीन लावा, मशीनला काय ते दिसू द्या."

आडत्या वहीतून मान वर न काढता म्हणाला, "गयाबाईनं नाय म्हणलं ना? मग नाय. घ्या ट्रॅक्टर मागं." शेतकऱ्यानं बडबड करत ट्रॅक्टर मागं घेतला. ओल मोजायचं मशीन तिथंच पोत्यावर पडलेलं होतं. कुणी हात लावला नाही त्याला.

ती उतरली, पदरानं हात पुसत समोर आली. मी सगळं सांगितलं. पाणी, गंज, शेठ, कागद. कागद पुढं केला. तिनं घेतला, घडी केली आणि कमरेला खोचला. वाचायला येत नव्हतं तिला. मी म्हणालो, "गयाबाई, मी चुकलो. लई मोठी चूक झाली."

"व्हय," ती म्हणाली.

मला वाटलं होतं ती म्हणेल, असू द्या भाऊ. आपल्याकडं म्हणतात तसं. ती म्हणाली नाही.

"भाऊ, म्या म्हणलं रिकामी बाटली जड लागतीय. काटा तिथंच व्हता, तुमच्या हाताजवळ. एकडाव ठिवून बघायचं व्हतं ना. कामून नाय ठिवली?"

खरं उत्तर मला ठाऊक होतं. तू झाडणारी, मी मिस्तरी. म्हणून नाही ठेवली.

"अजिंक्य बोलावतोय," मी म्हणालो. "किल्ली तुझ्याकडंच राहील. माणसांपुढं सगळं सांगून झालंय. चल परत."

तिनं मागं वळून बघितलं. दुसरा ट्रॅक्टर आत येत होता, आणि आडत्या वही हातात धरून तिचीच वाट बघत थांबला होता.

"नाय भाऊ. हितं मला इचारतेत," ती म्हणाली, आणि ट्रॉलीवर चढली.

आता बाटल्या मीच भरतो. टाकी नव्या वायूवाल्याची असली तरी आधी फडक्यावर फवारा मारून बघतो, आणि प्रत्येक रिकामी बाटली काट्यावर ठेवतो. हातात धरून ओळखायचा प्रयत्न मी पुष्कळ केला. साठ ग्रॅम पाणी काय असतं, मला हाताला अजून कळत नाही.